कोणता निर्णय कोणाचा? शिक्षकाने आपली शैक्षणिक भूमिका कशी लिहावी

बी.एड.च्या स्वाध्यायात, शिक्षकपदाच्या मुलाखतीत आणि आदर्श शिक्षक पुरस्काराच्या प्रस्तावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : आपली शैक्षणिक भूमिका काय? उत्तरही बहुधा ठरलेले असते. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधून त्यांना सक्षम नागरिक म्हणून घडवणे’ या वाक्याशी असहमत असलेला शिक्षक नाशिक जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही, आणि म्हणूनच त्या वाक्यावरून एका शिक्षकाचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाहून वेगळा कसा असेल हे मुळीच कळत नाही. विद्यार्थ्याला सक्षम करणे हेच ज्याचे सूत्र आहे, अशा शिक्षकाने आपली भूमिका कशी शोधावी, कशी लिहावी आणि लिहिल्यावर ती वर्गात कशी टिकवावी, याची एक पद्धत येथे मांडत आहे. तिचा गाभा थोडक्यात असा : वर्गात कोणते निर्णय आज शिक्षक घेतो, त्यांपैकी कोणते तो मुलांकडे सोपवणार, कोणत्या तयारीनंतर सोपवणार आणि कोणते कधीही सोपवणार नाही, हे ज्या कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे तोच कागद भूमिका म्हणण्याच्या योग्यतेचा असतो.

निर्णयांची नोंद

लिहिण्याआधी एक आठवडा केवळ नोंद करावी. टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांचे नियोजन लिहिण्याच्या वहीच्या, शेवटच्या पानावर तीन रकाने आखावेत आणि दिवसभरात वर्गात जे जे ठरते ते कोणी ठरवले हे त्यांत लिहीत जावे. पहिला रकाना शिक्षकाचा, दुसरा मुलांचा आणि तिसरा अशा गोष्टींचा, ज्या परिपत्रकाने, पाठ्यपुस्तकाने किंवा निव्वळ सवयीने ठरलेल्या असतात. कोण कोठे बसणार, प्रश्नाचे उत्तर कोण देणार, गणित किती वेळात सुटले पाहिजे, परिपाठात बातम्या कोण वाचणार, फलकावर कोणाचे चित्र लागणार, पाणी प्यायला केव्हा जायचे, गृहपाठ कोणता आणि किती, एखाद्या मुलाचे काम ‘पूर्ण झाले’ असे कोणी म्हणायचे, अशा बारीकसारीक गोष्टीही सोडू नयेत. आठवड्याच्या अखेरीस दुसरा रकाना जवळजवळ रिकामा दिसला तर दचकण्याचे कारण नाही. बहुतेक वर्गांत तो तसाच असतो.

तिसरा रकाना मात्र नीट वाचावा. त्यातील काही नोंदी खरोखरच आपल्या अखत्यारीबाहेरच्या असतात. बालभारतीचे पुस्तक बदलणे, संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, वेळापत्रक हलवणे किंवा ऑनलाइन माहिती भरण्याचे काम टाळणे वर्गशिक्षकाच्या हातात नाही, आणि तेथे शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. परंतु मुलामुलींच्या वेगवेगळ्या रांगा, ‘हुशार’ मुलांचा पहिला बाक किंवा वर्षभर एकच वर्गप्रमुख या गोष्टी कोणत्याही आदेशात लिहिलेल्या नसतात. त्या नियमाच्या वेषात वावरणाऱ्या सवयी असतात, आणि सोपवण्याची सुरुवात तेथून करणे सर्वांत सोपे जाते. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या शिक्षकाचा स्वतःचा दिवस दुसऱ्यांच्या सूचनांनी भरलेला असतो, त्याला उरलेसुरले अधिकार मुलांना देणे जड जाते. हा स्वभावदोष नसून परिस्थितीचा परिणाम आहे, म्हणून एका वेळी एकच निर्णय मुलांकडे सोपवावा.

भाषा, भीती आणि हंगाम

मुलांकडे निर्णय सोपवायचा तर आधी त्यांना बोलता आले पाहिजे, आणि नाशिकमध्ये हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एकाच वर्गात घरी अहिराणी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि प्रमाण मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. पेठ आणि सुरगाण्यात कोकणा भाषा घेऊन येणारी मुले असतात. मालेगावात उर्दू आहे. अशा वर्गात ‘मोकळेपणाने बोला’ ही सूचना प्रमाण मराठी येणाऱ्यांपुरतीच खरी ठरते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मधील कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्यतो बालकाची मातृभाषा असावे असे सांगते आणि त्याच कलमात बालकाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवून आपले मत मुक्तपणे मांडण्यास मदत करण्याची अपेक्षा व्यक्त करते. या दोन अपेक्षा एका कलमात आहेत याला अर्थ आहे, कारण ज्या भाषेत चूक होण्याची भीती वाटते त्या भाषेत मत मांडले जात नाही.

व्यवहारात याचे रूप साधे ठेवावे. निबंधाचा किंवा अनुभवलेखनाचा पहिला खर्डा मुलाने घरच्या भाषेत लिहिला तरी चालेल, असा वर्गाचा नियम करावा. एखाद्या मुलीने ‘मन्हं गाव’ असा मथळा दिला तर त्यावर लाल शाई फिरवू नये. दुसऱ्या खर्ड्यात प्रमाण मराठीकडे कसे जायचे हे तिला दाखवावे, आणि दोन्ही खर्डे वहीत राहू द्यावेत. प्रमाणभाषा शिकवण्याची जबाबदारी यातून सुटत नाही. परीक्षा त्याच भाषेत होणार आहे आणि पुढे नोकरीचा अर्जही त्याच भाषेत लिहायचा आहे, त्यामुळे ‘मुलांच्या भाषेचा आदर’ म्हणून पहिल्या खर्ड्यावरच थांबणे ही मुलांची फसवणूक होईल.

हंगामाचा प्रश्न असाच आहे. द्राक्षबागांची छाटणी आणि पुढे काढणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर भागांतील कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात आणि त्यांची मुले कित्येक आठवडे हजेरीपटावर गैरहजर दिसतात. ती परत आली की त्यांना ‘मागे पडलेली’ ठरवून वेगळे बसवण्याची पद्धत सर्रास आढळते. त्याऐवजी राहून गेलेल्या घटकांची यादी मुलासमोर ठेवावी, कोणता घटक कोणत्या घटकावर अवलंबून आहे एवढे समजावून सांगावे आणि कोठून सुरुवात करायची ते त्याला ठरवू द्यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना गुरे चारणाऱ्या मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा या संदर्भात आठवते. मुलाच्या दिवसाचा आणि ऋतूचा आकार आधी मान्य करून मग शिकवण्याची आखणी करणे, एवढा भाग आजच्या वर्गशिक्षकालाही उचलता येतो.

प्रश्न विचारण्याचा अधिकार

वर्गातील सर्वाधिक निर्णय प्रश्नोत्तरांच्या वेळी होतात आणि ते इतक्या वेगाने होतात की शिक्षकाला त्यांची जाणीवही राहत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणण्याचे प्रमाण घटले आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली. एका सेकंदात हात वर करू शकणारी चार-पाच मुले प्रत्येक वर्गात असतात. तास त्यांच्या बळावर पुढे सरकतो आणि उरलेल्या पस्तीस जणांनी विचार करावा की नाही हा निर्णय त्यांच्या वतीने आपण घेऊन टाकलेला असतो.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे, हात वर करायला सांगू नये, आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्यावे आणि मग कोणालाही विचारावे. सुरुवातीला ही शांतता शिक्षकालाच असह्य होते आणि तोंडातून उत्तराचा पहिला शब्द निसटतो; मुले त्या शब्दाची वाट पाहायला आधीपासून शिकलेली असतात. ती सवय मोडायला बराच काळ लागतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात परिणाम दिसला नाही म्हणून पद्धत सोडू नये.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रश्न तयार करण्याचे कामच मुलांकडे देणे. आठवीच्या वर्गात काळाराम मंदिर सत्याग्रह शिकवायचा आहे असे समजू. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये तो सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते आणि तो अनेक वर्षे चालला, एवढी माहिती दहा मिनिटांत सांगून होते. नंतर स्वाध्यायातील ‘केव्हा’ आणि ‘कोणी’ हे प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक गटाला स्वतःचे तीन प्रश्न लिहायला सांगावे, आणि अट अशी घालावी की त्यांपैकी किमान एकाचे उत्तर पुस्तकात मिळता कामा नये. पंचवटीत राहणारी मुले मंदिराच्या ज्या दारावरून रोज ये-जा करतात, त्याच दाराविषयी मग विचारू लागतात : अडवणाऱ्यांना आपण बरोबर आहोत असे का वाटत होते, सत्याग्रहींमधील स्त्रिया घरचे काम कोणावर सोपवून आल्या असतील, पोलीस कोणाच्या बाजूने होते, सत्याग्रह थांबला तेव्हा लोकांनी काय ठरवले. यातील काही प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात शोधता येतात, आणि १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय शहरात असताना मुलांना तेथे एकदाही न नेणे समर्थनीय नाही. काही प्रश्न अनुत्तरित राहतील. ते फलकावर तसेच लिहून ठेवावेत आणि शिक्षकाने त्यांची घाईघाईने उत्तरे देऊ नयेत.

वहीवरचा शेरा

विद्यार्थ्याचे सक्षमीकरण या विषयावर बोलताना बालसभा, निवडणुका आणि स्पर्धा यांचीच चर्चा अधिक होते. माझ्या मते खरी परीक्षा वही तपासताना होते, कारण आपले काम चांगले आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार हा वर्गातील सर्वांत मोठा अधिकार आहे आणि तो पूर्णपणे शिक्षकाच्या पेनात असतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इस्रायलमधील शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ कामाविषयी शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. केवळ शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले. गुणांसोबत शेरा मिळालेल्यांना त्याचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असतोच.

महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत आकारिक मूल्यमापन (शिकणे चालू असतानाच केलेले मूल्यमापन) आणि वर्णनात्मक नोंदी आल्या, म्हणजे शेऱ्याला अधिकृत जागा मिळाली. त्या जागेत आपण ‘प्रगती समाधानकारक’, ‘वाचन सुधारावे’, ‘खेळात रुची’ ही वाक्ये वर्षानुवर्षे उतरवत आलो, हा भाग वेगळा. शेरा असा लिहावा की तो वाचून मुलाला पुढची कृती कळेल आणि ती बरोबर झाली की नाही हे त्याचे त्याला तपासता येईल.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. सहावीला दशांश अपूर्णांक शिकवताना निफाड तालुक्यातील शाळेत कांद्याच्या हिशेबपट्टीइतके, म्हणजे विकलेल्या मालाचे वजन, भाव आणि रक्कम दाखवणाऱ्या पावतीइतके, चांगले साहित्य दुसरे नाही. लासलगावची बाजार समिती मुलांच्या घरच्या बोलण्यात रोज असते. समजा, माल १८ क्विंटल ४ किलो भरला आणि भाव क्विंटलला १,६५० रुपये मिळाला. बरीच मुले वजन १८.४ क्विंटल असे लिहितात आणि गुणाकार बिनचूक करून ३०,३६० रुपये हे उत्तर काढतात. येथे लाल फुली मारली तर मुलाला वाटते की गुणाकार चुकला, आणि ते पुन्हा गुणाकारच करत बसते. ‘चूक, पुन्हा सोडव’ या शेऱ्यानेही हेच होते. त्याऐवजी वहीत एवढेच लिहावे : ‘तुझा गुणाकार बरोबर आहे. आता ४ किलो म्हणजे क्विंटलचा कितवा भाग ते अपूर्णांकात लिही आणि ४० किलो किती होतील तेही लिही. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वजन तपास.’ क्विंटलचे १०० किलो हे माहीत असलेले मूल ४/१०० म्हणजे ०.०४ आणि ४०/१०० म्हणजे ०.४० येथवर स्वतः पोहोचते, वजन १८.०४ करते आणि २९,७६६ रुपये हे उत्तर काढते. दोन्ही उत्तरांत ५९४ रुपयांचा फरक आहे. हमाली आणि इतर कपाती वजा करण्याआधीच घरचा हिशेब एवढ्याने चुकला असता, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पुढच्या वेळी ते आधी वजन तपासते आणि मग गुणाकाराकडे वळते.

खरी पट्टी वर्गात आणायची असेल तर नाव आणि रक्कम झाकून आणावी किंवा आकडे बदलावेत. कोणाच्या घरी किती पैसे आले याची चर्चा वर्गात होता कामा नये. भाव पडलेल्या वर्षी तर मुळीच नाही.

अधूनमधून मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला द्याव्यात, परंतु तपासण्याचे निकष आधी वर्गाने मिळून ठरवलेले असावेत. निकषांशिवाय दिलेली वही म्हणजे शेजाऱ्याला दिलेले लाल पेन, आणि मुले ते आपल्यापेक्षा कठोरपणे चालवतात.

जबाबदारी, आणि जे सोपवू नये ते

वर्गप्रमुख दर पंधरवड्याला बदलावा आणि ते पद गुणांशी जोडू नये. बालसभा घ्यायची असेल तर तिच्यासमोर असाच विषय ठेवावा ज्यावरचा निर्णय शिक्षक खरोखर अमलात आणणार आहे. वर्गवाचनालयासाठी कोणती पुस्तके घ्यायची, स्नेहसंमेलनात वर्गाने काय सादर करायचे, मधल्या सुट्टीत चेंडू कोणाकडे राहील, हे विषय लहान वाटले तरी खरे आहेत. आधी ठरवून ठेवलेल्या निर्णयावर हात वर करून घेणे हा सभेचा अभिनय झाला, आणि मुलांना तो लगेच ओळखू येतो.

शिक्षा मात्र कधीही मुलांकडे सोपवू नये. ‘गडबड करणाऱ्यांची नावे फलकावर लिही’ हे वर्गप्रमुखाचे पारंपरिक काम आजपासून बंद करावे, कारण त्यातून शिकायला मिळते ते केवळ चहाड्या करणे आणि हिशेब चुकते करणे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने बंदी घातली आहे, आणि ती शिक्षा दुसऱ्या मुलाच्या हातून झाली म्हणून शिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही. सहलीतील सुरक्षितता, पैशांचा व्यवहार आणि एखाद्या मुलाने विश्वासाने सांगितलेली घरातील अडचण यांबाबतचे निर्णयही प्रौढांनीच घ्यावेत. मूल अत्याचाराविषयी काही सांगत असेल तर त्याची चर्चा सभेत किंवा शिक्षकखोलीत करत न बसता विहित मार्गाने तातडीने कळवावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतक्रमांक वर्गाबाहेर ठळक लावलेला असावा.

द्विशिक्षकी शाळेविषयी थोडे. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असताना मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे ही गरजच असते आणि त्यातून दोघांनाही लाभ होतो. तरीही चौथीतली एखादी समंजस मुलगी वर्षभर पहिलीच्या मुलांची अक्षरे गिरवून घेत राहिली आणि तिचा स्वतःचा भागाकार कच्चा राहिला, तर त्याला सक्षमीकरण म्हणू नये. तिने आज काय शिकवले याच्या शेजारी ती आज काय शिकली याचीही नोंद ठेवावी.

कागद लिहिताना

आता लिहायला बसावे. एक पान पुरे. प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी : परिसरातील शाळांवर देखरेख ठेवणारा केंद्रप्रमुख किंवा एखादा अनोळखी पाहुणा शेवटच्या बाकावर एक तासिका बसला, तर त्याला ही गोष्ट डोळ्यांनी दिसेल का? ‘मी विद्यार्थ्यांच्या मतांचा आदर करतो’ हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही. ‘सहावीच्या वर्गात दर सोमवारी गणिताच्या सरावसंचातील कोणती पाच उदाहरणे सोडवायची हे विद्यार्थी निवडतात, सहावे उदाहरण मी निवडतो आणि ते का निवडले ते सांगतो’ हे वाक्य टिकते. शक्य तेथे अटही लिहावी, जसे की ‘गटकामाचे नियम वर्गाने मिळून ठरवल्यानंतर दुसऱ्या सत्रापासून गट विद्यार्थी स्वतः पाडतील, कोणी एकटे राहिले तर मी हस्तक्षेप करीन.’ शेवटी जे सोपवणार नाही त्याची दोन-तीन वाक्ये कारणासह लिहावीत. महात्मा फुले, सावित्रीबाई किंवा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा उल्लेख करायचा असेल तर त्यांच्या कोणत्या कृतीचा आपल्या वर्गातील कोणत्या कृतीशी संबंध आहे ते सांगावे. भाऊरावांच्या कमवा आणि शिका योजनेत विद्यार्थी स्वतःच्या श्रमाने शिक्षणाचा खर्च उचलत असे. आपल्या वर्गात त्याच्याशी नाते सांगणारे काही नसेल तर केवळ नाव घेऊन परिच्छेद सजवू नये.

लिहिलेले पान आधी मुलांना वाचून दाखवावे आणि नंतर पालकांना. सरकारी आणि अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात, म्हणून तिची बैठक त्यासाठी योग्य ठिकाण आहे. तेथे कोणीतरी नक्की म्हणेल, ‘गुरुजी, हे सगळं ठीक आहे, पण नवोदयची तयारी कधी करून घेणार?’ या प्रश्नाला तुच्छ लेखू नये. शिष्यवृत्ती आणि नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा हीच ज्यांना दिसणारी वाट आहे त्यांची काळजी खरी आहे. त्यांना तत्त्वज्ञान ऐकवण्यापेक्षा हिशेबपट्टीच्या वहीची दोन पाने दाखवावीत आणि स्वतःची चूक शोधता येणारे मूल परीक्षेत कोठे गुण वाचवते ते आकड्यांत समजावून सांगावे.

प्रत्येक सत्राच्या अखेरीस मुलांकडून नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : ‘या सत्रात तुम्ही स्वतः काय ठरवले?’ आणि ‘काय ठरवायला मिळाले असते तर बरे झाले असते?’ बहुसंख्य मुलांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही, तर पानावरचे वाक्य कितीही सुबक असले तरी ते खोडावे किंवा वर्गात त्याची अंमलबजावणी नव्याने सुरू करावी. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून पुढच्या सत्रासाठी एकच निर्णय निवडावा. सुधारलेल्या पानावर तारीख घालावी आणि जुने पान फाडून न टाकता त्याच्यामागे लावावे. मुलाखतीला किंवा पुरस्काराच्या प्रस्तावाला प्रत द्यायची वेळ आली तर खोडलेल्या ओळींसकट सगळी पाने द्यावीत.